'इयक्कम' या शब्दाचं ओझं

जाफन्यातले तमिळ लोक लिट्टेला बोलताना 'इयक्कम' म्हणत. अर्थ सरळ: चळवळ. कोलंबोच्या सरकारी निवेदनांत त्याच संघटनेला 'दहशतवादी' म्हटलं जाई. अनुवादकाला यांतला एक शब्द उचलावा लागतो, आणि तिथेच प्रश्न उभा राहतो: अन्यायाचा इतिहास सांगितला की हिंसेचं समर्थन होतं का?

अन्याय खराच होता. १९५६च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९८१मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळण्यात आलं. जुलै १९८३मध्ये कोलंबोत तमिळांची घरंदारं पेटली, माणसं मारली गेली. हे वगळून लिट्टेबद्दल बोलणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

पण उरलेली अर्धीही सांगायला हवी. ऑक्टोबर १९९०मध्ये लिट्टेने जाफना शहरातल्या मुसलमानांना दोन तासांत निघून जायला सांगितलं. त्यांची मातृभाषा तमिळच होती! ज्या भाषेसाठी लढा, तीच बोलणारे एका दुपारीत परके ठरले. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर १९८९मध्ये, राजनी तिरणगम यांना जाफन्यात गोळ्या घातल्या गेल्या होत्या. लष्कर, भारतीय शांतिसेना आणि लिट्टे या तिघांच्याही अत्याचारांची नोंद त्या ठेवत होत्या.

'आपला कोण?' हे ठरवण्याचा हक्क कोलंबोच्या बहुसंख्याकवादाने स्वतःकडे घेतला. त्याच्याशी लढणाऱ्यांनीही तोच हक्क उचलला. वांशिक राष्ट्रवादाला शत्रू हवा असतो, पण त्याहून जास्त हवी असते आपल्या माणसांची एकमुखी साक्ष. दहशत ती साक्ष मिळवून देते. म्हणून तिचा धाक आधी घरात बसतो.

मग तो सीमा ओलांडतो. ऐंशीच्या दशकात भारताने तमिळ गटांना प्रशिक्षण दिलं, १९८७मध्ये सैन्य पाठवलं आणि १९९१मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. शेजाऱ्याची जखम ही आपली हत्यारं ठेवायची जागा नव्हे, हा धडा फार महागात पडला.

२००९मध्ये लिट्टे संपली. तिला जन्म देणारा प्रश्न बंदुकीने सुटला नाही. त्यामुळे अनुवाद करताना मी 'इयक्कम' तसाच ठेवते. 'चळवळ' लिहिलं तर ते दोन तास झाकले जातात आणि 'दहशतवादी' लिहिलं तर जळलेलं ग्रंथालय. कुठल्याही चळवळीला मात्र एकच विचारावं: तुमच्यातल्याच कुणी 'नाही' म्हटलं, तर त्याला उद्याची सकाळ दिसेल का?