बाहेर म्हणजे कोठे?



‘एवढा कचरा बाहेर टाकून ये,’ हे वाक्य आपल्या घरी रोज उच्चारले जाते. माझे आयुष्य शास्त्रातील शब्दांचे अर्थ तोलण्यात गेले. परंतु या वाक्यातील ‘बाहेर’ या साध्या शब्दाचा अर्थ मी कधी तपासून पाहिला नव्हता. तो मला एका कचरावेचक भगिनीने शिकविला.

घरी काचेचा पेला फुटला. मी तुकडे गोळा केले आणि आळसापोटी भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो, तेव्हा आमचा कचरा नेणाऱ्या ताई तळहाताला चिंधी बांधीत होत्या. ‘ताई, काय झाले?’ असे मी विचारले. ‘काही नाही काका, काच लागली. काच असली की कागदात गुंडाळून निराळी देत जा,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी क्षमा मागितली. पण त्या दिवशी मेजावर शेजाऱ्यावरील प्रीतीचा शास्त्रभाग उघडा होता, आणि माझी लेखणी पुढे सरकेना.

नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. शहरांतील घनकचऱ्यासंबंधीचे नियम २००० साली आले. २०१६ च्या नियमांनी तर प्रत्येक घरावर स्पष्ट बंधन घातले: ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगवेगळा ठेवावा, वापरलेले सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, रस्त्यावर, नाल्यात वा पाण्यात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये. तरीही रात्री पुलावर गाडी थांबवून नदीत पिशवी भिरकावणारे हात आपण पाहतो. कोणी पाहत नसताना नियम कोणाला बांधतो? हा प्रश्न केवळ नगरपालिकेचा नाही, सद्सद्विवेकाचा आहे.

यावर दोन सबबी ऐकू येतात. पहिली अशी की, ‘आम्ही वेगळे केले तरी पुढे गाडीत सारे एकत्रच होते.’ काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु गाडीत पडण्यापूर्वी तो कचरा एका माणसाच्या हातातून जातो; आणि दुसऱ्याच्या कसुरीमुळे माझे कर्तव्य रद्द होत नाही. दुसरी सबब आपल्यातच निघते: ‘आपण नियमशास्त्राच्या नव्हे, कृपेच्या अधीन आहोत.’ पण ज्या पौलाने कृपा शिकविली, त्यानेच प्रीती ही नियमशास्त्राची पूर्णता आहे असे शिकविले. नियम ‘काच वेगळी ठेव’ एवढेच सांगतो. प्रीती त्या काचेपुढचा हात पाहते.

आता ‘बाहेर’ कोठे आहे ते पाहू. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे नेऊन ओतला गेला. तेथील विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे कठीण झाले, आणि ग्रामस्थांना वारंवार कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आमचे ‘बाहेर’ हे त्यांचे अंगण होते. माणसांच्या बाबतीतही तसेच. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळजणी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतील आहेत. १९९३ साली त्यांनी पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभारली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि तिने २००८ साली महापालिकेशी करार केला. आपण ज्यांना बाहेर ठेवले, त्याच आपले घर स्वच्छ ठेवीत आल्या आहेत.

अनुवादाच्या २३ व्या अध्यायात इस्राएलाला घाण मातीने झाकण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही दिले आहे: परमेश्वर छावणीत फिरतो. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्यापुढे जातो. बलिपशूंची शरीरे छावणीबाहेर जाळली जात, तसे येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, याची तो आठवण देतो आणि आपल्यालाही तेथेच त्याच्याकडे बोलावतो. हे वचन कचऱ्याविषयी नाही, हे मी जाणतो. परंतु ज्याचा प्रभू वेशीबाहेर गेला, त्याला ‘बाहेर’ ही जागा रिकामी मानता येत नाही. तेथे कोणीतरी उभे आहे.

वाचकहो, आपण पुण्यात असा, इंदुरात असा, की बडोद्यात. आपल्या गावाचे नियम एकदा वाचा. मंडळीच्या प्रीतिभोजनानंतर आवारामागे काय साचते, तेही पाहा. आणि फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे ठळक लिहून, स्वतःच्या हाताने द्या. ज्यांच्या हाती द्याल, त्यांचे नावही विचारा. मी ते त्या जखमेनंतर विचारले, याची मला आजही लाज वाटते.