साडेबारा टक्क्यांची शिकवण

उरण तालुक्यातल्या जासई गावी १९२६ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले दिनकर बाळू पाटील वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर निवडून आले. दोनदा ते खासदार झाले, सत्तरच्या दशकात विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. तरीही रायगडच्या किनाऱ्यावर ‘दि. बां.’चे नाव आजही घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे घेतले जाते. सत्तेवाचून गेलेल्या या कारकिर्दीने लोकांच्या हाती काय दिले, याचा विचार आज मुद्दाम करायला हवा.

१९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी शासकीय कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. पुढे न्हावा-शेवा बंदर आले. खाडीचे पाणी बांध घालून थोपवायचे आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवायचे, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाची शेती कागदावर पडीक जमिनीच्या भावाने मोजली जाऊ लागली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले.

दि. बां.चे मोठेपण दिसते ते इथून पुढे. पाच चिता पाहिलेल्या समाजाचा राग पेटता ठेवणे कोणाही पुढाऱ्याला जमले असते. दि. बां.नी त्या रागातून एक मागणी घडवली: जमिनीचा मोबदला एकदा रोख देऊन शेतकऱ्याला वाटेला लावू नका, त्याच्या जमिनीवर जे शहर उभे राहील त्यात त्याला वाटा द्या. नव्वदच्या दशकात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना अमलात आली, ती या लढ्यातून.

हिशेब असा. शंभर गुंठे जमीन गेली की साडेबारा गुंठ्यांचा विकसित भूखंड मंजूर होतो. त्यातले पावणेचार गुंठे सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात आणि प्रत्यक्ष हातात पावणेनऊ गुंठे येतात. हा वाटा थोडा आहे. अनेकांना त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, अनेकांनी गरजेपोटी तो भूखंड विकूनही टाकला. तरीही तत्त्व टिकले. नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के मिळाले. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातही नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास मूळ मालकांसाठी वीस टक्के विकसित जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दि. बा. गेले.

त्यांची प्रत्येक कृती सर्वांना पटली असे नाही. आयुष्यभराचा लाल बावटा सोडून १९९९ मध्ये ते शिवसेनेत गेले, तेव्हा अनेक जुने सहकारी दुखावले. ते दुःख खरे होते आणि कारकिर्दीच्या हिशेबात तेही धरायला हवे. पण पक्ष बदलल्याने शेतकऱ्याचा हक्क रद्द झाला नाही, कारण तो तोवर शासकीय निर्णयात उतरला होता. माणूस चुकला, थकला किंवा गेला तरी मागे उरते ते असे काम.

विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. ती कृतज्ञता योग्यच होती. पण पाटीवर नाव झळकले आणि शेजारच्या गावातला शेतकरी पुन्हा एकरकमी पैशांवर बोळवला गेला, तर ती कृतज्ञता अपुरी ठरेल. अटल सेतूपलीकडच्या उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नव्या शहराची आखणी सुरू झाली आहे. साडेबारा टक्क्यांच्या तत्त्वाची खरी कसोटी आता तिथे लागेल, आणि आपल्या लोकप्रतिनिधींचीही.

लग्नाला, दहाव्याला, भूमिपूजनाला येणारा आमदार आपल्याला जवळचा वाटतो. त्याने जरूर यावे. पण पुढच्या वेळी तो दारात आला की त्याला एवढे विचारा: आमच्या हक्काची कोणती ओळ तुम्ही कायद्यात लिहून घेतली? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मतदार म्हणून ते आपले कर्तव्य आहे.