आधी हाताने, मग स्टार्टर



वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली जुनी पिकअप जाणता मेकॅनिक लगेच स्टार्टर मारून बघत नाही. आधी टाकीतलं शिळं पेट्रोल काढतो. प्लग खोलून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतो, मुरू देतो. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवतो. घाई केली तर चिकटलेल्या रिंगा तुटू शकतात.

बंद पडलेली उपासनाही अशीच. १६०८ साली जांब समर्थला जन्मलेल्या समर्थांच्या दासबोधात २०० समास आहेत. ‘उद्यापासून रोज दहा’ म्हणाल, तर चौथ्या दिवशी गाडी पुन्हा शेडमध्ये! आधी मनातली लाज काढून टाका. मग रोज एकच समास, सावकाश. २०० दिवसांत ग्रंथ पूर्ण.

उभी राहिली म्हणून गाडी भंगार होत नाही. साधकही नाही.