योग आणि क्षेम

वस्तू मिळविणे आणि मिळालेली वस्तू राखणे ह्या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी भिन्न मानिल्या व दोहोंस दोन स्वतंत्र नावे दिली. जे आपणापाशी नाही ते प्राप्त करून घेणे हा योग, आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण करणे हा क्षेम. गीतेतील ‘योगक्षेम’ ह्या पदाचा अर्थ शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात असाच सांगितला आहे. पुढे हा जोडशब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला की, त्यात दोन निराळ्या क्रिया आहेत ह्याची आठवणही कोणास राहिली नाही. तथापि एक वस्तू अशी आहे की, तिच्या ठायी हा भेद आजही रोकड्या रुपयांत डोळ्यांपुढे उभा राहतो. ती वस्तू म्हणजे जुनी उंची मोटार. नांदेड-लातूरकडे अशा मोटारी दारोदार नसल्या तरी दुर्मिळही नाहीत, आणि त्यांच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा विचार करावा असा आमचा मानस आहे. प्रश्न असा की, जी वस्तू घेण्यापुरते द्रव्य आपणापाशी आहे, परंतु राखण्यापुरते नाही, ती घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

उंची मोटार नवी असते तेव्हा मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील धनिकाच्या दारी असते. पाच-सात वर्षांनी तो दुसरी घेतो आणि पहिली दुसऱ्या हाती, मग तिसऱ्या हाती, अशी उतरत उतरत जिल्ह्याच्या गावी येते. दिल्लीकडील गाड्यांची कथा आणखी निराळी. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या तेथे रस्त्यावर येऊ नयेत असा आदेश हरित न्यायाधिकरणाने 2015 साली दिला व 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरिला. तेव्हापासून तिकडील चांगल्या चांगल्या गाड्या पडत्या भावाने इतर राज्यांत जाऊ लागल्या. मराठवाड्यास ह्या मोटारींची ओढ बाहेरूनच लागली असे मात्र नव्हे. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. तो व्यवहार 65 कोटी रुपयांचा होता व त्याची वार्ता देशभर गाजली. योगाचा सोहळा सर्वांनी पाहिला. खासगी गाडीच्या नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असते. त्या दीडशे गाड्यांची ती 2025 साली पुरी व्हावयाची होती. तिचा सोहळा कोण करणार?

आता खर्चाकडे वळू. ह्या बाबतीत सारी फसगत एकाच ठिकाणी होते. गाडीचा भाव उतरतो, पण गाडी उतरत नाही. चाळीस लाखांची मोटार सहा लाखांस मिळाली, म्हणून तिचे सुटे भाग सहा लाखांच्या मोटारीचे होत नाहीत. ते चाळीस लाखांच्या मोटारीचेच राहतात. आपण किती स्वस्त झालो हे गाडीस ठाऊक नसते. एअर सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंगच्या जागी हवेने फुगविलेल्या रबरी पिशव्या असतात. वर्षे लोटली की रबर ताठते, त्यास भेगा पडतात व हवा झिरपू लागते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वाजवीहून अधिक चालतो आणि अखेर तोही जळतो. एका पिशवीचा खर्च टाळावा तर दोन वस्तूंचा अंगावर येतो, आणि सकाळी मालक दाराशी येऊन पाहतो तो गाडी एका अंगावर बसलेल्या म्हशीसारखी टेकलेली! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही बदलावे लागते हे अनेकांस ठाऊकच नसते. ते न बदलल्याने गिअरबॉक्स गेला म्हणजे दुरुस्तीचा आकडा गाडीच्या चालू भावाशी स्पर्धा करू लागतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांचे जोड बहुधा प्लॅस्टिकचे असतात, आणि आमच्याकडचा वैशाख चाळीस अंशांखाली क्वचितच राहतो. बरे, दुरुस्ती करावी तर कंपनीचे अधिकृत वर्कशॉप हैदराबाद, पुणे किंवा संभाजीनगर येथे. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरांच्या घरात आहे. बंद पडलेली गाडी तेथवर दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावयाची, म्हणजे दुखणे पाहण्याचीच फी आधी भरावयाची.

सरकारी देणी ह्यामानाने सौम्य. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील गाडीस ते 2025 च्या ऑगस्टपासून दहा हजार. दीड हजार सीसीवरील इंजिनास नुसता थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने वर्षास 7,897 रुपये. ही देणी पूर्वी कळतात, म्हणून त्यांचे भय नाही. भय असते ते कळविल्यावाचून येणाऱ्या बिलाचे. असे एक लाखाचे बिल म्हणजे लातूरच्या भाषेत किती? सोयाबीनच्या 2024-25 च्या हमीभावाने, क्विंटलास 4,892 रुपये धरून, साडेवीस क्विंटल. हेक्टरी दहा क्विंटल उतारा आला तर दोन हेक्टर कोरडवाहू जमिनीचे सबंध पीक, बी-खत-मजुरी वजा न करता. आणि तेही बाजारात हमीभाव हाती पडला तर. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्यास मोटार ठाऊक नव्हती, एवढेच.

इतके असूनही माणसे अशी गाडी घेतात ती वेडी म्हणून नव्हे. दारी हत्ती झुलणे हे आमच्या भाषेत वैभवाचे चित्र आहे, आणि ज्या प्रदेशास पिढ्यान्‌पिढ्या ‘मागास’ हे एकच विशेषण ऐकावे लागले, त्याच्या मनात हत्तीची हौस असणे स्वाभाविक होय. लग्नाच्या मांडवापुढे, बाजार समितीच्या आवारात, निवडणुकीच्या दिवसांत, गाडीच्या तोंडावरील चांदीचे चिन्ह जे बोलते ते मालकास स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही. औरंगाबादच्या त्या खरेदीतही आपल्या शहराकडे जगाने पाहावे हा हेतू होताच. ह्या हौसेस हसणे सोपे आहे. ज्यांची गाडी नवी असते ते नेहमी हसतात. आम्हांस ह्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मानाची भूक ही भूकच आहे. परंतु सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले वडीलधारे सांगत आले. जुन्या उंची मोटारीने पैशाचे सोंगही काही महिने आणता येते. पहिल्या मोठ्या बिलापर्यंत.

येथे कोणी म्हणेल की, पैसा ज्याचा, गाडी ज्याची, तोट्यात तो जाईल. इतरांनी उपदेश करण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि केवळ पैशाचाच प्रश्न असता तर आम्ही येथेच लेखणी खाली ठेविली असती. परंतु न झालेल्या दुरुस्तीचा खर्च नाहीसा होत नसतो. तो कोणी ना कोणी भरीतच असतो. अपरिग्रहाची व्याख्या करिताना योगसूत्रांच्या व्यासभाष्याने विषयांच्या ठायी पाच दोष दाखविले आहेत : अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. पहिले चार मालकापुरते आहेत असे घटकाभर धरू. पाचव्याचे काय? नांदेडहून लोहा, अहमदपूर मार्गे लातुरास जाणारा रस्ता आता नागपूर-तुळजापूर महामार्गाचा भाग झाला आहे. रुंद रस्ता वेगास आमंत्रण देतो. गळिताच्या हंगामात त्याच रस्त्याने रात्री उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जात असतात, आणि अनेकांस मागे दिवा नसतो. दोन टन वजनाची, शंभराच्या वेगाने सहज धावणारी गाडी गुळगुळीत टायर व झिजलेले ब्रेक घेऊन तेथे आली, तर वाचविलेल्या टायरचे पैसे कोण भरणार हे सांगावयास नको. मालकाने टायर बदलला नाही त्या दिवशी त्याने काटकसर केली नाही. अनोळखी माणसाच्या नावे कर्ज काढिले.

रस्त्याइतकी उघड नसलेली आणखीही देणी आहेत. ड्रायव्हरचा पगार ‘पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देऊ’ म्हणून राहतो, कारण ह्या महिन्यात कॉम्प्रेसर आला. मिस्त्रीच्या वहीत मालकाचे पान वाढत जाते. घरात मुलीच्या क्लासची फी पुढे ढकलली जाते. आणि लातुरात क्लासची फी ही काय वस्तू आहे हे लातूरकरांस सांगण्याची गरज नाही. ही माणसे गाडीत बसत नाहीत, किंबहुना कित्येकदा तिच्याकडे पाहतही नाहीत, पण तिचा क्षेम तीच वाहतात. ह्याच प्रकारचा, परंतु अधिक ढळढळीत, एक प्रसंग म्हणजे 2016 चा लातूरचा उन्हाळा. त्या वर्षीच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आणिले. काळ्या रंगाची गाडी रोज धुतल्यावाचून शोभत नाही. ती धुण्यास बादलीभर पाणी लागते की दहा बादल्या, हा प्रश्न एरवी कोणी विचारला नसता. त्या एप्रिलात तो विचारावा लागला, आणि उत्तर महानगरपालिकेने द्यावयाचे नव्हते, प्रत्येक मालकाने आपल्याशी द्यावयाचे होते.

मग ज्याच्यापाशी द्रव्य अमाप आहे त्यास तरी हा दोष लागत नाही ना? आमच्या भागाचा इतिहास ह्याचे उत्तर देतो. नांदेड व लातूर ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. सहाव्या निजामासाठी मागविलेली सिंहासनाची रोल्स-रॉइस तयार होण्यापूर्वीच 1911 साली तो वारला. ती गाडी मीर उस्मान अली खान ह्यांच्या वाट्यास आली व सबंध कारकिर्दीत अवघी साडेतीनशे मैलांच्या आसपास चालली. जगातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून ज्यांचे नाव झाले ते स्वतः एका जुन्या साध्या गाडीतून हिंडत. 1967 साली ते निवर्तल्यावर नातवाच्या हाती कारभार आला, त्या वेळच्या मोटारखान्याचे वर्णन विल्यम डॅलरिंपल ह्यांनी केले आहे. पेट्रोल व सुटे भाग ह्यांपायी वर्षास 45,000 पौंड खर्च पडत होता, गाड्या साठ होत्या, आणि चालू स्थितीत होत्या चार! पैसा होता, माणसे होती, खर्चही पडत होता. नव्हते ते लक्ष. क्षेम हा पैशाने घडतो, पण पैशाने आपोआप घडत नाही.

म्हणूनच जुनी उंची मोटार घेणाराच दोषी असा निवाडा आम्ही करीत नाही. दर पाच वर्षांनी नवी गाडी घेऊन जुनीचे ओझे दुसऱ्याच्या गळ्यात घालणाऱ्या सभ्य गृहस्थाहून, एकच जुनी गाडी वीस वर्षे नीट चालविणारा आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. असे लोक आहेत. ते गाडीची वही ठेवितात, तेल केव्हा बदलले हे त्यांस मुलांच्या वाढदिवसांसारखे पाठ असते, आणि गाडीच्या भावाएवढी नव्हे तरी त्याच्या चौथाईची रक्कम बाजूस काढल्यावाचून ते गाडी घरी आणीतच नाहीत. त्यांचा मिस्त्रीही तसाच. कंपनी म्हणते सबंध भाग बदला. हा म्हणतो, ‘मालक, आतलं सील गेलंय, बाकी भाग शाबूत आहे,’ आणि तेवढेच बदलून देतो. वस्तूशी असा स्नेह ठेवणे हे आसक्तीचे लक्षण असेल. पण हा संग इतरांस पोसतो, लुबाडीत नाही.

राहता राहिला विक्रीचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत बिकट तोच. गाडी पेलत नाही असे कळले म्हणजे मालक ती विकावयास काढितो. गिअरबॉक्स आणखी चार-सहा महिने काढील हे त्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास नाही. सांगावे काय? रोमन तत्त्ववेत्ता सिसेरो ह्याने ख्रिस्तपूर्व 44 साली कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात नेमका हाच वाद आहे. तेथे विक्रीस मोटार नसून आतून पोखरलेले घर आहे, एवढाच फरक. बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, जे मला कळते ते घेणाऱ्यास कळलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूस उतरतो, आम्हीही. किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे ही तर सरळ चोरीच. तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. परंतु मौन पाळणारा स्वतःस चोर समजत नाही. आपणही असेच फसलो होतो, असे तो मनाशी म्हणतो, आणि योगाचा आनंद पुढच्याच्या पदरी घालून क्षेमाचे ओझे गुपचूप त्याच्याच पाठीवर ठेवितो.

ह्यात अडकतो तो मिस्त्री. घेणारा शहाणा असला तर गाडी मिस्त्रीस दाखवितो, आणि गावात त्या जातीच्या गाड्या जाणणारा मिस्त्री बहुधा एकच असतो. खरे सांगावे तर सौदा मोडतो. सौदा मोडला तर विकणाऱ्याच्या नावे वहीत असलेली उधारी बुडते. खोटे सांगावे तर पुढे तीच गाडी त्याच्याच दारी येणार. त्याने खरे सांगावे हे म्हणणे आम्हांस सोपे, कारण उधारी आमची नाही. तेव्हा प्रथम मालकाने ती वही चुकती करावी, ड्रायव्हरचा थकलेला पगार द्यावा, आणि मग गाडी दाखविण्यास न्यावी. मिस्त्री जे सांगावयाचे ते सांगेल, व जो भाव येईल तो येईल.