यात माझं तेल किती?

॥ श्री ॥



आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

हे दोन श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतील. माणूस घसरतो कसा, त्याची सगळी साखळी भगवंतांनी इथे सांगितली आहे. एखाद्या विषयाचं सतत ध्यान लागलं की त्याच्याशी संग जडतो. संगातून काम, म्हणजे हवं-हवं वाटणं. कामातून क्रोध. क्रोधातून संमोह. संमोहातून स्मृती ढळते. स्मृती ढळली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूसच गेला. ज्ञानेश्वर माउलींनी इथे विषाचा दृष्टांत घेतला आहे. विष कणभर पोटात गेलं तरी पुरतं, तसा मनात उरलेला विषयाचा लहानसा अंशही विवेकाचा घात करायला पुरतो.

शाळेत असताना आणि निवृत्त झाल्यावरही या श्लोकांवर मी पुष्कळदा बोललो. पण खरं सांगतो, त्यातली एक कडी मला कधी नीट कळली नव्हती. रागाने बुद्धी जाते हे समजतं. पण मध्ये ही ‘स्मृती’ कशाला? रागावलेला माणूस काय विसरतो? उलट त्याला तर दहा वर्षांपूर्वीचंही सगळं आठवतं!

ती कडी मला या श्रावणात समजली. समजावली कोणी, तर आमच्या जुन्या गाडीच्या काचेने.

आमची गाडी २००८ सालची. प्रॉव्हिडंट फंडातून थोडे काढून घेतलेली. दर रविवारी मी ती स्वतः पुसतो. घरातले हसतात, पण माझा जीव आहे तिच्यावर. (साखळीची पहिली कडी इथेच आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.) मुलगा मित्रांना घेऊन महाबळेश्वरला गेला आणि परत आला तो डाव्या बाजूची पुढची काच अर्ध्यावर अडकलेली. बटण दाबलं की आतून नुसतं घुर्रर्र व्हायचं. काच ना वर, ना खाली. सीट भिजलेली.

मी अंगणातच सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहायला हवं, “दुसऱ्याची वस्तू वापरायची अक्कल नाही तुला.”

दुसऱ्याची! पोटचा मुलगा, आणि मी त्याला दुसरा म्हणालो.

तो काही बोलला नाही. किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, “बाबा, यापुढे मी एसटीने जाईन.” आणि गेलाही. तीन आठवडे, भर पावसात, छत्री घेऊन रोज स्टँडपर्यंत पायी. घरात कामापुरतं बोलणं. मी काचेवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवला आणि रोज सकाळ-संध्याकाळ बटण दाबून बघायचा नेम धरला. एकदा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, काच आज ना उद्या वर जाईल. पोरगा मान खाली घालून येतो-जातो, त्याचं काय?” मी त्यावरही चिडलो.

शेवटी शेजारच्या अण्णांनीच मला हाक मारली. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेलेली. म्हणाले, “गुरुजी, रोज ते बटण दाबून धरताय, काच वर जायची नाही, मोटर मात्र तापून जळेल. चला, दार उघडून बघू.”

आणि मग त्या दुपारी मी जे पाहिलं, ते सावकाश सांगतो.

अण्णांनी आधी काही उघडलंच नाही. मला बटण दाबायला लावलं आणि कान दाराला लावला. “आवाज येतोय ना? मग करंट मोटरपर्यंत पोचतोय. फ्यूज ठीक, बटण ठीक. काहीच आवाज नसता तर तिथून सुरुवात केली असती.” मग दोन्ही तळहातांनी काच दोन्हीकडून धरून म्हणाले, “आता दाबा.” मी बटण दाबलं, त्यांनी वर ओढलं, आणि तीन आठवडे न हललेली काच बोटभर वर सरकली. “बघा, हाताची साथ दिली की येते. मोटर मेलेली नाही, गुरुजी. बहुतेक वाट अडलीय.”

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कारण आत हात असताना चुकून बटण दाबलं गेलं तर बोटं जायची. हँडलच्या खाचेतला एक स्क्रू, टोपणाखाली लपलेला दुसरा. मग पॅनल खालच्या बाजूने हलकेच ओढत क्लिपा सोडवल्या. मी घाई केली, एक क्लिप तुटली. वायरींचा जोड सोडवला. आत पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा कागद, तो न फाडता बाजूला केला. काच हातांनी वर घेऊन चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला पक्की बांधली, मग रेग्युलेटरला धरून ठेवणारे दोन बोल्ट सोडवले. तार परत जोडून, हात लांब ठेवून बटण दाबलं, तर काचेविना रेग्युलेटर सरसर वर, सरसर खाली. निर्दोष!

म्हणजे दोष मोटरचा नव्हता, रेग्युलेटरचा नव्हता. राहिली ती काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ती. अण्णांनी खोबणीत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. काळी, चिकट राब.

“इथं तेल कुणी सोडलं हो?”

मंडळी, त्या क्षणी मला आठवलं. मागच्या दिवाळीत काच वरखाली होताना कुरकुरत होती. मी स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली होती आणि दोन्ही खोबणींत तेल सोडलं होतं. कुरकुर थांबली म्हणून शेखीही मिरवली होती. ते तेल थंडीत गोठलं, उन्हाळ्यात पातळ होऊन खालपर्यंत उतरलं, वर्षभराची धूळ त्यावर बसत गेली. काच घट्ट होत होत एक दिवस थांबली. मुलाच्या हातात होती तेव्हा थांबली, एवढाच त्या बिचाऱ्याचा अपराध.

आणि हे मला तीन आठवडे आठवलं नाही! रोज तीच काच, तीच खोबण बघत होतो. ती बाटली एकदाही डोळ्यांपुढे आली नाही.

तेव्हा ती कडी कळली. रागात इतरांचं सगळं आठवतं. पुसलं जातं ते फक्त आपलं केलेलं. भगवंत ज्याला स्मृतीचा भ्रंश म्हणतात, तो माझ्या घरी असा आला होता. आणि आपलं केलेलं आठवेना, की न्याय करणारी बुद्धी कशाच्या आधारावर उभी राहणार?

पुढचं काम सोपं होतं. पट्टीला फडकं गुंडाळून साबणाच्या पाण्याने खोबणी तीन-चारदा पुसल्या, कोरड्या केल्या, वर सिलिकॉनचा स्प्रे मारला. अण्णांनी बजावलं, रबराला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. बोल्ट आवळले, पॅनल बसवण्याआधी काच पाच-सहा वेळा वरखाली करून पाहिली. गेली की हो, लोण्यासारखी!

संध्याकाळी गाडी घेऊन स्टँडवर गेलो. पाऊस होताच. मुलगा उतरला, मला पाहून दचकला. मी म्हणालो, “बस. काच झाली. बिघाड मी घातलेल्या तेलाचा होता, तुझा नव्हता. मी चुकलो रे.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, तेल तुम्ही घातलेलं मला आठवत होतं. पण तेव्हा बोललो असतो तर भांडण वाढलं असतं.”

त्याला आठवत होतं. कारण राग मला आला होता, त्याला नाही.

आता आपल्या रोजच्या साधनेसाठी यातून काय घ्यायचं? अण्णांची रीत घ्यावी. काच अडली म्हणून त्यांनी ती हाणली नाही. ते एकेक कडी तपासत मागे गेले. आपणही राग आला की बटण दाबून धरतो, म्हणजे तेच वाक्य आणखी मोठ्या आवाजात बोलतो. त्याने समोरचा हलत नाही, आपलीच मोटर जळते. त्याऐवजी मागे जावं. राग कशातून आला? काहीतरी हवं होतं म्हणून. ते हवंसं का वाटलं? ‘माझं’ म्हणून जीव अडकला होता म्हणून. माझी गाडी, माझा शब्द, माझं घर. तिथे पोचलो की खोबणीतली राब दिसते.

आज दिवसभरासाठी एकच प्रश्न जवळ ठेवा. कोणावर राग आला, तर बोलण्याआधी मनात विचारा, “यात माझं तेल किती?” दर वेळी आपलंच असेल असं नाही. कधी खरंच समोरच्याचं चुकलेलं असतं. पण प्रश्न विचारला की स्मृती जागी राहते, आणि स्मृती जागी असली की बुद्धी जागेवर राहते. पुढच्याच, ६४ व्या श्लोकात भगवंतांनी आशा दिली आहे. राग-द्वेष बाजूला ठेवून जो विषयांत वावरतो, त्याला प्रसाद लाभतो. हा प्रसाद म्हणजे मनाची प्रसन्नता, निर्मळपणा. भगवंत ‘गाडी विका’ म्हणत नाहीत. वापरा, पुसा, पण वाट स्वच्छ ठेवा.

तुटलेली क्लिप मात्र तुटलीच. खड्ड्यात गाडी गेली की ते पॅनल अजून खडखडतं. मी मुद्दाम नवी क्लिप बसवलेली नाही. ‘दुसऱ्याची’ हा शब्द परत घेता येत नाही, याची आठवण राहावी म्हणून.

पांडुरंगा, आम्हाला राग येईल तेव्हा आमचं केलेलं आम्हाला आठवू दे. घरातल्या माणसांपेक्षा घरातली वस्तू मोठी होऊ देऊ नकोस. आणि चूक कळली की स्टँडपर्यंत जायचं बळ दे.

राम कृष्ण हरी.