रिकामी म्हटलेली जमीन

कर्नाळा किल्ला पनवेलच्या दक्षिणेस सुमारे 12 किलोमीटरवर आहे. बोरघाटातून उतरून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवणे हे त्याचे मुख्य काम. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पण वाट वाहती राहिली. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर देशावरचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी पनवेलला येऊन मचव्यांतून मुंबईला जाऊ लागले. देशावरच्या गाड्यांची चाके घडवणे हा पनवेलचा मोठा धंदा होता. पुढच्या पन्नास वर्षांत रेल्वे, गिरणी, स्थलांतर आणि जमिनीचे नवे कायदे यांनी हा परिसर पालटला. याच चार गोष्टी त्याच काळात अमेरिकेलाही घडवत होत्या. साधने सारखी असूनही फळे वेगळी का आली, हा प्रश्न कर्नाळ्याच्या पायथ्याशी उभे राहून विचारण्यासारखा आहे.

भारतातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दहा वर्षांनी, 1863 मध्ये, बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. हा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला पडले. घाटावरचा माल बंदराला न शिवता थेट मुंबईत उतरू लागला. पनवेलला रेल्वे आली ती थेट विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात. अमेरिकेतही रेल्वेने काही गावे वसवली, काही ओस पाडली. 10 मे 1869 रोजी यूटामधील प्रॉमंटरी येथे दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे रूळ एकत्र आले. मात्र तिथे रुळांच्या मागणीतून देशी पोलाद उद्योग वाढला आणि आयात करांच्या भिंतीने त्याचे रक्षण केले. इथे रूळ आणि इंजिने इंग्लंडहून येत. लंडनच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि नफा कमी पडला की तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. लोखंडी रस्ता तोच, पण त्यावरून संपत्ती कोणत्या दिशेने जावी हे रयतेच्या हाती नव्हते.

दोन्ही प्रदेश कापसानेही बांधले गेले होते. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस थांबला, मुंबईचे भाव गगनाला भिडले आणि पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला. 1864 च्या मोजणीत मुंबईची वस्ती 8 लाख 16 हजार होती, 1872 मध्ये ती 6 लाख 44 हजारांवर आली. तेजीत कर्ज काढलेला देशावरचा शेतकरी मंदीत सावकाराच्या कचाट्यात सापडला आणि 1875 मध्ये सुपे गावापासून पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे उसळले. दूरच्या युद्धाने सुप्याच्या बाजारातली कर्जखते पेटावीत, इतके जग तेव्हाच जवळ आले होते.

1856 मध्ये मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शतकाच्या अखेरीस शहर गिरण्यांनी भरून गेले. कामगार आले ते रत्नागिरी, सातारा, कुलाबा अशा जिल्ह्यांतून. अमेरिकेत 1870 ते 1900 या तीस वर्षांत सुमारे 1 कोटी 20 लाख माणसे समुद्र ओलांडून आली. त्यांतले अनेक परत गेले, तरी बहुतेकांनी तिथेच संसार मांडले. कोकणातला गडी मात्र एकटा येई. तो गाळ्यात पथारी टाके, खानावळीत जेवे आणि बायको गावी भातशेती सांभाळी. 1880 पासून टपालखात्याची मनिऑर्डर हा दोन घरांमधला दुवा झाली. पोराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा भार गाव उचलत होते, म्हणूनच गिरणीमालकाला तुटपुंजी मजुरी परवडत होती. हा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी 1886 मध्ये रस्त्यावर आले होते. दोन्हीकडे माणूस यंत्राकडून आपला वेळ परत मागत होता.

खरा कस लागला तो जमिनीवर. अमेरिकेच्या 1862 च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे 160 एकरांचा तुकडा कसणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळू लागला. युरोपातल्या भूमिहीनाला हे वरदान वाटले. पण ती जमीन मूलनिवासी जमातींची होती. 1887 च्या डॉज कायद्याने त्यांच्या सामाईक जमिनीचे तुकडे केले. त्या वर्षी 13 कोटी 80 लाख एकर असलेली त्यांची जमीन 1934 पर्यंत 4 कोटी 80 लाख एकरांवर आली. कर्नाळ्याच्या डोंगरांत हेच काम 1878 च्या वनकायद्याने केले. ठाकूर आणि कातकरी उतारावर दळी, म्हणजे जंगलातले जमिनीचे तुकडे, फोडून नाचणी-वरी पिकवत. भात लावणारे कुणबी आणि आगरी राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडत. सरकारी मोजणीत हे डोंगर राखीव जंगल ठरले आणि कालचा हक्क आजचा गुन्हा झाला. खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यावर कोळशाच्या भट्टीवर राबण्याची वेळ आली.

या राजवटीविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी कर्नाळ्याजवळच्या शिरढोणचा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करताना त्यांनी 1876-77 च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना पाहिली आणि रामोशी, कोळी, धनगर यांना घेऊन शस्त्र उचलले. मे 1879 मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळ पळस्पे आणि चिखले इथे छापे घातले. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात वारले. बंड मोडले, जमीन आणि जंगलाचा प्रश्न राहिला. 25 सप्टेंबर 1930 रोजी जवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतरही नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या जागेचा मोह सुटला नाही. 1970 पासून नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रस्तावनेतच मान्य केले. दोन्ही निर्णय उशिरा आले आणि अपुरेही आहेत. पण ज्या जमिनीला कागदाने रिकामी म्हटले, तिच्यावर माणसे होती, ही कबुली त्यांत आहे. उद्योगाचा विस्तार न्याय्य व्हायचा असेल, तर ही कबुली मोजणीची साखळी टाकण्याआधी द्यायला हवी.