छायाचित्र : किंमत, मूल्य आणि खंडनीयता

स्वस्त प्रतिमांच्या सुकाळात व्यावसायिक छायाचित्रणाचे मूल्य काय, हा प्रश्न बहुधा कौशल्याच्या अंगाने विचारला जातो. व्यावसायिकाची नजर, प्रकाशाची जाण, चौकटीची शिस्त यांना पर्याय नाही, असे त्याचे ठरलेले उत्तरही असते. हे उत्तर अपुरे आहे. विक्रीसाठी आधीच काढून ठेवलेली जी छायाचित्रे व्यवहारात ‘स्टॉक फोटो’ म्हणून ओळखली जातात (येथे त्यांना संग्रह-प्रतिमा म्हटले आहे), तीही पुष्कळदा कसबी हातांनीच घडवलेली असतात. तांत्रिक सफाईच्या कसोटीवर ती उणी पडत नाहीत. तेव्हा मूल्याचा शोध प्रतिमा आणि वास्तव यांच्यातील नात्यात घ्यावा लागतो.

प्रतिमांचा साठा करून त्यांच्या वापराचे हक्क विकण्याचा व्यवसाय नवा नाही. ऑटो बेटमन यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे उभारलेला संग्रह प्रसिद्धच आहे. २००० साली कॅनडात सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोने या व्यवसायाचे दर पार खाली आणले. २००६ मध्ये गेटी इमेजेसने ही कंपनी ५ कोटी डॉलरना विकत घेतली. तथापि दरापेक्षाही मोठा फरक प्रतिमेच्या प्रकृतीत आहे. बेटमन यांचा संग्रह प्रामुख्याने जे घडून गेले त्याचा होता. आजची संग्रह-प्रतिमा कोणाला तरी जे लागेल त्याची असते. तिच्यातील व्यक्तीकडून लेखी संमती घेतली जाते, व्यापारचिन्हे पुसली जातात, आणि तिचा माग ‘आनंदी आजी’, ‘चिंताग्रस्त शेतकरी’ अशा शोधशब्दांनी लागतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विशेषनामाचे सामान्यनाम झालेले असते. ही आजी कोण, हा शेतकरी कोणत्या गावचा, हे प्रश्न या प्रतिमेला गैरलागू ठरतात.

याउलट उदाहरण डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचे आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर, सरकारी नोकरीत असताना लँग यांनी ते काढले. त्या स्त्रीचे नाव विचारले नाही, हे त्यांनी स्वतःच १९६० मध्ये लिहून ठेवले. टायर विकून या कुटुंबाने अन्न घेतले, असेही त्यांनी नोंदवले होते. १९७८ मध्ये ती स्त्री, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली. आपल्या चेहऱ्यातून आपल्याला काहीही मिळाले नाही, ही तिची तक्रार होती. टायर विकल्याची हकीकतही कुटुंबाने नाकारली.

या प्रकरणाचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो की व्यावसायिक छायाचित्रकारही माणसाला नमुना बनवतो. मग संग्रह-प्रतिमेलाच दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे. परंतु थॉम्पसन यांना ‘ही मी आहे, आणि हे असे घडले नाही’ असे म्हणता आले, ही गोष्ट त्यात नजरेआड होते. विज्ञानाला अ-विज्ञानापासून वेगळे करताना कार्ल पॉपर यांनी खंडनीयतेचा निकष मांडला. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही, ते जगाविषयी काही सांगत नाही. हा निकष काही मर्यादेत छायाचित्रालाही लावता येतो. लँग यांच्या छायाचित्राला स्थळ, काळ आणि कर्ता होता. म्हणून त्याच्यासोबतच्या विधानाचे खंडन होऊ शकले. ‘चिंताग्रस्त शेतकरी’ खोटा ठरू शकत नाही, कारण त्याने काही प्रतिपादनच केलेले नसते. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राचे सार ‘ते तेथे होते’ या प्रत्ययात पाहिले. संग्रह-प्रतिमेतही कोणीतरी कॅमेऱ्यासमोर होतेच. पण ज्याच्या नावाने ती छापली जाते, तो तेथे नव्हता.

येथे किंमत आणि मूल्य यांची फारकत स्पष्ट होते. लँग यांचे छायाचित्र सरकारी असल्याने ते वापरण्यास आजही कोणाला मोबदला द्यावा लागत नाही. ते कोणत्याही संग्रह-प्रतिमेहून स्वस्त आहे. म्हणजे स्वस्तपणा हा मूळ दोष नव्हे. ज्याच्यापाशी चार पैसे नाहीत अशा संपादकाने स्वस्त प्रतिमा वापरली म्हणून त्याला नैतिकदृष्ट्या दोषी ठरवणे उतावीळपणाचे होईल. परंतु प्रत्यक्ष जागी जाऊन उभे राहणाऱ्या माणसाचा खर्च कोणालातरी करावा लागतो. लँग यांच्या बाबतीत तो सरकारने केला. २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपला छायाचित्रकारांचा संपूर्ण विभाग बंद केला, कमी झालेल्यांत १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे जॉन एच. व्हाइट हेही होते. अशा निर्णयाने छायाचित्रे छापली जाणे थांबत नाही. त्यांच्याविषयी जबाब देऊ शकणारी माणसे मात्र उरत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पीडितेची किंवा आंदोलकाची ओळख उघड होणे धोक्याचे असते, तेव्हा अनामिक प्रतिमा हीच दयाळू नव्हे काय? २०२३ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने कोलंबियातील २०२१ च्या आंदोलनाविषयी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमा वापरल्या, त्या याच कारणासाठी. टीका झाल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या. हेतू शुद्ध होता, पण चेहरा झाकणे आणि चेहरा बदलणे या भिन्न क्रिया आहेत. झाकलेला चेहरा ‘येथे कोणीतरी आहे आणि तिला भय आहे’ एवढे खरे विधान करतो. बदललेला चेहरा ते विधानच काढून घेतो, आणि अत्याचार नाकारू इच्छिणाऱ्याच्या हाती आयतेच कोलीत देतो.

या प्रश्नाची धार मराठी वाचकाला सुधारक ओलवे यांच्या कामात जाणवेल. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे त्यांनी दीर्घकाळ काढली. ‘स्वच्छता’ या शोधशब्दाखाली कोऱ्या हातमोज्यांतला एखादा हसरा माणूस सहज मिळू शकेल, आणि त्याने कोणाची झोप मोडणार नाही. ओलवे यांच्या छायाचित्रातील घाणीत उतरलेला माणूस मात्र एका विशिष्ट शहराचा, विशिष्ट आस्थापनेचा कामगार आहे. ते पाहून प्रशासनाला दोनच मार्ग उरतात : हे असे नाही म्हणून सिद्ध करावे, किंवा हे असे का म्हणून उत्तर द्यावे. पहिल्या मार्गाची शक्यता आहे म्हणूनच दुसऱ्याची सक्ती निर्माण होते.

व्यावसायिक छायाचित्रणाचे मूल्य असे चुकू शकण्याच्या जोखमीत आहे, आणि ती जोखीम आपल्या नावावर घेणाऱ्या माणसात आहे. हे मूल्य प्रत्येक व्यावसायिकाच्या प्रत्येक चित्राला आपोआप लाभत नाही. नाव न विचारता पुढे जाणारा छायाचित्रकार ते स्वतःच कमी करतो. सजावटीसाठी संग्रह-प्रतिमा वापरण्यात गैर काही नाही. पण एखाद्याच्या दुःखाविषयी लिहिताना त्याच्या जागी कोणाचाही चेहरा चालतो, असे मानले गेले की ते दुःखही कोणाचेही, म्हणजे कोणाचेच नाही, असे मानण्याची वाट मोकळी होते.